सांध्यावर कान ठेवा : डीजे मिक्स अल्बम कसा ऐकावा

विषय वाचून काही जणांच्या भुवया उंचावल्या असतील. आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलेला, सत्तरी ओलांडलेला माणूस प्रोग्रेसिव्ह हाउस आणि टेक्नोवर काय बोलणार? पण प्रश्न माझ्या जुन्याच विषयातला आहे. दुसऱ्यांनी रचलेलं संगीत एकापाठोपाठ एक वाजवणाऱ्याच्या कामाला कलाकृती म्हणायचं का? आणि म्हणायचं असेल, तर तिची बरी-वाईट पारख कशावर करायची? ‘मला आवडलं’ एवढ्यावर थांबलो तर चर्चाच संपते. आवड माझी असते. मत मात्र दुसऱ्याला पटवून द्यावं लागतं, त्याला आधार लागतो.

आधी हे घडतं कसं ते पाहू. या संगीताला चार मात्रांचा सरळ ठेका असतो. प्रोग्रेसिव्ह हाउसची लय मिनिटाला साधारण 120 ते 130 ठोके, टेक्नोची बहुधा त्याहून थोडी चढी. समजा एक तबकडी 126 ठोक्यांची आहे आणि पुढची 128 ची. दोन्ही एकदम वाजल्या तर ठेका फाटतो. म्हणून डीजे एका तबकडीचा वेग किंचित बदलतो. टेक्निक्स कंपनीच्या प्रसिद्ध टर्नटेबलवर वेग आठ टक्के वर किंवा खाली नेता येतो. पण वेग वाढला की स्वरही चढतो, म्हणजे नुसती लय जुळून भागत नाही. शिवाय दोन्ही ट्रॅकचा खर्ज एकत्र आला की सगळा गढूळपणा होतो. म्हणून एकाचा खर्ज उतरवायचा आणि नेमक्या समेवर दुसऱ्याचा आत घ्यायचा. या जागेला मी सांधा म्हणतो.

माझं आजचं म्हणणं एवढंच आहे की मिक्स अल्बमबद्दलचं मत हे सांध्यांबद्दलचं मत असायला हवं. ट्रॅक दुसऱ्याचे असतात. क्रम आणि सांधे मात्र डीजेचे असतात.

आपल्याकडे याला जवळचं काय आहे? रागमाला. गायक एका रागातून दुसऱ्यात शिरतो तेव्हा आपण ‘व्वा’ म्हणतो ते वळणाला. राग तर आधीपासून सगळ्यांचेच होते. याच्या उलट एक उदाहरण बघा. 1982 साली मुंबईत चरणजित सिंग यांनी ‘टेन रागाज टू अ डिस्को बीट’ ही तबकडी केली. रोलँडची यंत्रं, यंत्राचा ठेका आणि वर दहा राग. शिकागोतल्या ज्या रेकॉर्डपासून ॲसिड हाउसचा आरंभ मानतात, ती 1987 ची. म्हणजे आपला माणूस पाच वर्षं आधी त्या आवाजापाशी पोहोचला होता. त्या वेळी फारसं कुणी विचारलं नाही. 2010 मध्ये ती पुन्हा निघाली तेव्हा जगाचं लक्ष गेलं. विलक्षण काम आहे. पण तो मिक्स नव्हे. दहा राग, दहा खोल्या. मिक्स अल्बमचा सगळा जीव खोल्यांमधल्या दारात असतो.

गोव्याची गोष्ट आणखी बोलकी आहे. हणजुणेच्या किनाऱ्यावर उष्णतेने तबकड्या वाकायच्या, म्हणून तिथले डीजे डॅट कॅसेट वापरू लागले. कॅसेटवर वेग हवा तसा जुळवता येईना. मग ट्रॅकच्या सुरुवातीला आणि शेवटाला ठेका नसलेली लांब मोकळी जागा कामाला आली, तिथे हलकेच एकातून दुसऱ्यात जाता येई. हवामानाने सांधा बदलला! याच गोव्याच्या संगीताचा ध्यास घेऊन पॉल ओकेनफोल्ड यांनी डिसेंबर 1994 मध्ये बीबीसी रेडिओ वनवर दोन तासांचा ‘गोवा मिक्स’ सादर केला.

आता माझी मतं. साशा आणि जॉन डिगवीड यांचा 1994 चा ‘रेनेसाँ’ हा तीन सीडींचा संच पाया म्हणून मोठा. पण त्यांचा 1996 चा ‘नॉर्दर्न एक्स्पोजर’ मला अधिक उजवा वाटतो, कारण तो घाई करत नाही. विलंबित ख्यालात बढत होते तसा ठेका हळूहळू उभा राहतो. याच पंथाचा दोषही सांगतो. पुढे पुढे सांधे इतके गुळगुळीत झाले की वळण घेतल्याचंच कळेना. ठेका थांबणार, सूर चढणार, ठेका परतणार, हे आधीच ठाऊक. ज्यात धोका नाही त्यात निर्णयही दिसत नाही.

टेक्नोचा स्वभाव वेगळा. जेफ मिल्स यांचा टोकियोतल्या लिक्विड रूममधला, 1996 साली निघालेला अल्बम घ्या. साधारण तासाभरात तिसाहून अधिक तबकड्यांचे तुकडे. सांधे खरबरीत, हात दिसतो, गर्दीचा आवाजही आहे. गोधडीची शिवण दिसते म्हणून कुणी गोधडीला नावं ठेवत नाही, इथेही तसंच. दुसऱ्या टोकाला रिची हॉटिन यांचा 2001 चा ‘डीई नाइन : क्लोजर टू द एडिट’. शंभरहून अधिक ट्रॅकमधले कण संगणकावर वेगळे काढून पुन्हा विणलेले. तिथे ट्रॅक उरतच नाही, सगळा सांधाच. बुद्धीला तो थोर वाटतो, पण पुन्हा लावावासा वाटतो मिल्सच.

बर्गसाँ यांनी 1889 च्या ग्रंथात कालप्रवाह समजावताना सुरावटीचं उदाहरण घेतलं आहे. तिचे सूर सुटे मोजता येतात, पण मोजले की सुरावट हरवते. मिक्स अल्बमचं आज नेमकं हेच होतंय. फोनवर त्याचे तुकडे होतात, क्रम उलटसुलट लागतो, मध्ये जाहिरात येते. ट्रॅक सगळे शाबूत, कृती गायब.

म्हणून एक करून पाहा. लवासाहून पुण्याला परतताना टेमघर, मुठा, पिरंगुट या वाटेने दीड-एक तास लागतो. एक सीडी साधारण सव्वा तासाची. घाट उतरल्यावर लावा आणि एकही ट्रॅक पुढे ढकलू नका. गाडी दुसऱ्या कुणाला तरी चालवू द्या. (हशा)

प्रश्न : सर, मग मूळ संगीतकाराच्या वाट्याला काय?

उत्तर : चांगला प्रश्न. रीतसर निघालेल्या मिक्स सीडीवर ट्रॅकची आणि कलाकारांची नावं छापलेली असतात, परवानगीही घेतलेली असते. ते सोडून देता येणार नाही. सांध्याचं श्रेय डीजेला देताना ट्रॅकचं श्रेय कुणाच्या पदरातून काढायचं नसतं. ज्याला दोन्ही वेगळी ऐकू येतात, त्याच्या मताला वजन आहे. एवढ्यासाठीच कान तयार करायचा.