गुडघ्याची गादी प्रयोगशाळेत कशी वाढवितात?

(शेतकी विभाग : ऊस विकास अधिकारी यांजकडून)



अलीकडे गट ऑफिसवर उसाच्या नोंदीबरोबर गुडघ्याचीही चौकशी होऊ लागली आहे. "स्टेम सेलचं इंजेक्शन घेतलं की गादी नव्यानं उगवते म्हणे, खरं का?" असे सभासद विचारतात. काहींनी ऊसबिलातून त्यासाठी रक्कम बाजूला काढल्याचेही आमच्या कानावर आले आहे. आम्ही डॉक्टर नव्हे. पण पेशी बाटलीत वाढवून त्यापासून रोप तयार करण्याचे काम टिश्यू कल्चरच्या बेण्यामुळे आम्हाला परिचयाचे आहे. त्या अनुषंगाने हा विषय समजून घेतला, तो येथे मांडीत आहोत.

प्रथम गादी म्हणजे काय ते पाहू. गुडघ्यात दोन हाडांच्या मध्ये चंद्रकोरीसारख्या चकत्या असतात, त्यांनाही लोक गादीच म्हणतात. पण आपला विषय वेगळा आहे. हाडांच्या टोकांवर पांढरट, गुळगुळीत, शहाळ्यातल्या मलईसारखा दिसणारा पण चिवट असा थर असतो, त्यास कूर्चा म्हणतात. गुडघ्यात त्याची जाडी साधारण २ ते ४ मिलिमीटर. या थरात रक्तवाहिनी नाही आणि मज्जातंतूही नाही. बराचसा भाग पाणीच. ते पाणी धरून ठेवणारे जाळे कोलॅजन नावाच्या तंतूंचे असते, आणि ते जाळे विणणाऱ्या पेशी मात्र शेकडा एक-दोन भागच भरतात. चालताना वजन पडले की थर दाबला जातो आणि पाणी बाहेर येते, वजन उतरले की पुन्हा आत शोषले जाते. या ये-जा करणाऱ्या पाण्यातूनच पेशींना अन्न मिळते. पाट न पोचलेल्या, नुसत्या ओलाव्यावर जगणाऱ्या पिकासारखी ही अवस्था आहे. त्यामुळे जखम झाली तर ती भरून येत नाही. लंडनच्या विल्यम हंटर यांनी १७४३ सालीच लिहून ठेवले की कूर्चा एकदा नष्ट झाली की ती परत येत नाही. मज्जातंतू नसल्याने झीज सुरू झाली तरी लगेच समजत नाही. दुखू लागते ते खालचे हाड आणि सांध्याचे अस्तर यांना त्रास पोचल्यावर.

आता उसाकडे येऊ. मांजरीच्या वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूटमध्ये उसाच्या शेंड्यातला अगदी बारीक वाढबिंदू काढून तो क्षार, संप्रेरके आणि साखर घातलेल्या माध्यमात ठेवतात. (होय, उसाच्या पेशीलासुद्धा बाटलीत साखर बाहेरून द्यावी लागते!) त्यापासून हजारो रोपे मिळतात, कारण वनस्पतीच्या पेशीत पुन्हा सबंध झाड होण्याची ताकद असते. माणसाच्या पेशीचे तसे नाही. हाडाची पेशी हाडाचीच राहते, कातडीची कातडीचीच. मात्र काही पेशी अशा असतात की त्यांचे काय व्हायचे ते पुरते ठरलेले नसते. त्या मूलपेशी, म्हणजेच स्टेम सेल. हाडाच्या मगजात, चरबीत, नाळेच्या रक्तात त्या सापडतात. मगजातल्या अशा पेशींवर रशियात फ्रीडेनस्टाइन यांनी १९६० नंतरच्या काळात मूलभूत काम केले.

या पेशींना कूर्चा व्हायला लावायचे कसे? सपाट काचेवर वा प्लास्टिकवर वाढविल्या तर त्या पसरतात, संख्येने वाढतात, पण कूर्चा करीत नाहीत. खुद्द कूर्चेच्या पेशीसुद्धा अशा पसरल्या की आपला धंदा विसरतात. गर्भात कूर्चा तयार होण्यापूर्वी पेशी आधी दाटीवाटीने एकत्र येतात. तीच दाटी प्रयोगशाळेत करावी लागते. आपल्या कारखान्यात सेंट्रिफ्यूगलमध्ये साखर आणि मळी वेगळी होते, तसेच लहानसे यंत्र तेथे असते. दोन-अडीच लाख पेशी नळीत घालून फिरविल्या की तळाशी त्यांची बारीक गोळी बसते. तिला 'टीजीएफ-बीटा' या वर्गातले वाढीचे प्रथिन देतात. सुमारे तीन आठवड्यांत ज्वारीच्या दाण्यापेक्षाही लहान अशी पांढरी, चकचकीत गोळी तयार होते. तिच्यात कूर्चेचे कोलॅजन सापडते. सशाच्या मगजातील पेशींवर ही पद्धत अमेरिकेत जॉनस्टोन आणि सहकाऱ्यांनी १९९८ साली प्रसिद्ध केली. पुढे माणसाच्या पेशींवरही ती यशस्वी झाली.

मग घोडे कुठे अडले? सर्वांत मोठी अडचण आपल्या शेतकऱ्याला चटकन कळेल. ऊस तुऱ्यावर गेला की कांडीची वाढ थांबते. मगजातल्या मूलपेशींचे तसेच होते. गर्भात बहुतेक हाडांचा साचा आधी कूर्चेचा असतो आणि मग त्याचे हाड बनते. या पेशी तीच जुनी वाट धरतात. कूर्चेच्या टप्प्यावर त्या थांबत नाहीत, फुगतात, त्यांत चुना भरू लागतो, आणि अशी गोळी उंदराच्या अंगात बसविली तर तिचे हाड होऊ लागते. गुडघ्यात गादीच्या जागी हाड वाढून काय उपयोग? हा "तुरा" रोखण्यावर अनेक देशांत संशोधन चालू आहे. शिवाय तुकडा जाड केला तर आतल्या पेशी उपाशी मरतात. त्याला मजबुती यावी म्हणून यंत्रात ठेवून चालल्यासारखा दाब देऊन पाहतात, तरी मूळ कूर्चेची ताकद सहसा येत नाही. आणि कडेच्या जुन्या कूर्चेशी तो सांधणे हे कलम बांधण्याहून कठीण.

माणसांवर जे उपचार झाले त्यांत मूलपेशींपेक्षा तयार कूर्चेच्या पेशींचे काम अधिक आहे. स्वीडनच्या ब्रिटबर्ग, पीटरसन आदी डॉक्टरांनी १९९४ साली २३ रुग्णांचा वृत्तांत छापला. रुग्णाच्याच गुडघ्यातून, जेथे वजन कमी पडते तेथून, कूर्चेचा लहान तुकडा काढला, पेशी दोन-तीन आठवडे वाढविल्या आणि खड्ड्यात भरल्या. मांडीच्या हाडावरील खड्डे असलेल्या १६ पैकी १४ जणांना चांगला गुण आला, वाटीच्या ७ पैकी दोघांनाच. हे रुग्ण तरुण वा मध्यमवयीन होते आणि त्यांना ठराविक जागी खड्डा पडला होता. सबंध सांधा झिजलेल्या म्हाताऱ्या माणसाचा हा उपचार नव्हे, हे नीट ध्यानात घ्यावे. स्वित्झर्लंडच्या बाझेल येथे तर नाकाच्या पडद्यातील पेशींपासून पातळ तुकडा वाढवून गुडघ्यात बसविला. त्या १० रुग्णांची माहिती २०१६ साली आली. जपानच्या यामानाका यांनी साध्या पेशीला मूलपेशी बनविले (उंदरात २००६, माणसात २००७, नोबेल २०१२), त्या पेशींपासूनही क्योटो येथे कूर्चा तयार केली गेली आहे.

आपल्या देशात मुंबईच्या एका कंपनीच्या, रुग्णाच्याच कूर्चेच्या पेशी वाढविण्याच्या उपचारास २०१७ साली सरकारी औषध नियंत्रकांची परवानगी मिळाली. २०२२ साली बंगळूरच्या कंपनीने दात्यांच्या मगजातून तयार केलेल्या पेशींच्या इंजेक्शनासही गुडघ्याच्या झिजेसाठी परवानगी मिळाली. त्याने वेदना कमी झाल्याचे चाचणीत दिसले. पण वेदना कमी होणे वेगळे आणि नवी गादी उगवणे वेगळे. 'मेझेंकायमल स्टेम सेल' हे नाव रूढ करणाऱ्या अमेरिकेच्या अर्नॉल्ड कॅप्लान यांनीच २०१७ साली लिहिले की हे नाव आता बदलावे. कारण टोचलेल्या पेशी स्वतः नवा अवयव बनत नाहीत, त्या आसपासच्या पेशींना संदेश देणारी द्रव्ये सोडतात.

तेव्हा कोणी सकाळी पोटाची चरबी काढून दुपारी गुडघ्यात टोचतो आणि "सहा महिन्यांत नवी गादी" असे सांगतो, त्यास बेण्याच्या व्यापाऱ्याला विचारतो तसेच प्रश्न विचारावेत. हे औषध परवानगीचे आहे काय? असल्यास कागद दाखवा. चाचणी आहे असे म्हणत असतील तर तिचा सरकारी क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्रीतील नंबर मागा. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार परवानगी नसलेला मूलपेशी उपचार मंजूर चाचणीबाहेर करावयाचा नाही, आणि चाचणीतल्या रुग्णाकडून त्याचे पैसे घ्यावयाचे नाहीत. नंबर नाही आणि लाखाची पावती मात्र फाडतात, असे असेल तर उठून यावे.

वजन एक किलो घटले तर चालताना प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोने कमी होतो, असे अमेरिकेतील २००५ सालच्या पाहणीत आढळले आहे. मांडीच्या स्नायूंचा व्यायाम फुकट आहे. फारच झीज झाली असेल तर कृत्रिम सांधा बसविण्याची शस्त्रक्रिया रुळलेली आहे. त्यासाठी जिल्ह्याच्या सरकारी इस्पितळात अस्थिरोगतज्ज्ञांना जुना एक्स-रे घेऊन भेटावे, आणि इंजेक्शनसाठी कोठे आगाऊ रक्कम भरण्याचे ठरविले असेल तर ती भरण्यापूर्वी भेटावे.