एकेरी नाव आणि परदेशाचा दरवाजा

आपल्या सातारा-सांगलीत नाव, वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव, मग आडनाव, अशी रीत. तरी एखाद्या आजीच्या कागदावर नुसतं ‘सीताबाई’ असतं. गावात त्याचं काही अडत नाही. पासपोर्टवर मात्र आडनावाचा रकाना रिकामा राहतो, आणि लेकाकडे दुबईला निघताना तिथेच घोडं अडतं. संयुक्त अरब अमिरातीने नोव्हेंबर २०२२ मध्ये भेटीच्या व्हिसावर एकेरी नाव नाकारलं. पासपोर्टच्या दुसऱ्या पानावर वडिलांचं किंवा घराण्याचं नाव असेल तर चालेल, असा खुलासा नंतर झाला. अमेरिकेच्या व्हिसावर तेच एक नाव आडनाव होतं आणि नावाच्या जागी ‘एफएनयू’, म्हणजे ‘पहिलं नाव अज्ञात’, असं छापलं जातं. म्हणून तिकीट काढण्याआधी आपण सगळे दाखले एकसारखे करावेत, मग पासपोर्ट नव्याने काढावा.