मोजणीचीं यंत्रें आणि त्यांची बॅटरी

हिंगणघाट येथें १८२३ सालच्या जानेवारींत कर्नल विल्यम लॅम्बटन यांचा देहान्त झाला. हिंदुस्थानच्या त्रिकोणमितीय सर्वेक्षणाचा पाया घालणारे हे गृहस्थ हैदराबादेहून नागपुराकडे येत असतां वाटेंतच निवर्तले. कोन मोजण्याचा त्यांचा थिओडोलाइट सुमारें अर्धा टन वजनाचा होता व तो वाहण्यास माणसांचा तांडा लागे. परंतु भिंग, पातळीचा बुडबुडा आणि पाहणाराचा डोळा यांपलीकडे त्यास कांहीं लागत नसे. आमच्याकडील साखळी व फळी यांच्या मोजणीचेंही तसेंच. साखळीची कडी निखळली तर गांवचा लोहार ती सांधून देई.

आतां धुऱ्यावर येणारें यंत्र एका माणसास उचलतां येतें, पण त्याचा जीव तळहाताएवढ्या बॅटरींत असतो. टोटल स्टेशन या यंत्रांतून निघालेला प्रकाश समोरच्या प्रिझमवर आदळून परत येतो व त्यावरून अंतर कळतें. रोव्हर हा उपग्रहांचे संदेश घेतो; मात्र त्यांतील चूक काढून टाकण्यासाठीं ज्ञात जागीं स्थिर ठेवलेल्या दुसऱ्या यंत्राकडून, म्हणजे बेसकडून, त्यास रेडिओनें किंवा मोबाइलच्या जाळ्यांतून सतत दुरुस्ती मिळावी लागते. तेव्हां रोव्हर, बेस आणि हातांतील नियंत्रक या तिहींची वीज शाबूत असेल तरच मोजणी खरी.

बॅटरी संपून यंत्र बंद पडलें तर दिवस फुकट गेला, इतकेंच. त्याहून वाईट असें कीं, बेस बंद पडला तरी रोव्हर आंकडे दाखवीतच राहतो. पडद्यावर 'फिक्स' हा शब्द असतो तोंवर चूक साधारणतः दोन-तीन सेंटिमीटरांची. दुरुस्ती तुटून 'फ्लोट' आला कीं ती वीतभर, कधीं हातभर होते. दोनशें मीटर लांबीच्या धुऱ्यावर ३० सेंटिमीटरांचा फरक पडला तर ६० चौरस मीटर जमीन इकडची तिकडे जाते. गुंठा सुमारें १०१ चौरस मीटरांचा. म्हणजे अर्ध्या गुंठ्याहूनही अधिक. भाऊबंदकीचे दावे याहून थोड्या जमिनीवर दोन-दोन पिढ्या चाललेले वाचकांनीं पाहिले असतील.

टोटल स्टेशनची बॅटरी मध्येंच बदलतांना तिवईस धक्का लागतो, किंवा काळ्या मातींत तिचा पाय किंचित् खचतो. म्हणून यंत्र पुन्हां समपातळींत आणून मागील ज्ञात खुणेवर नेम धरून पाहिल्याशिवाय पुढचा बिंदु घेऊं नये.

प्रस्तुत लेखकाच्या शेतावर एका वैशाखांत असा प्रसंग आला. मोजणीस आलेल्यांनीं जादा बॅटरी गाडीच्या समोरच्या कांचेखालीं ठेविली होती. बाराच्या सुमारास पहिली संपली. दुसरी लावली, तों ती इतकी तापलेली कीं यंत्र चालूच होईना. शेजारी मुंबईहून रजा काढून आले होते. ते त्याच रात्रीं परतले, आणि धुरा पुढल्या हंगामापर्यंत तसाच राहिला.

निगेच्या बाबतींत आपल्यांपैकीं पुष्कळजण ट्रॅक्टरच्या बॅटरीचा अनुभव येथें लावतात आणि फसतात. ट्रॅक्टरची बॅटरी शिसें व आम्ल यांची. ती अर्धवट रिकामी पडून राहिली तर शिशाच्या पत्र्यांवर पांढरा थर धरून ती निकामी होते, म्हणून ती सदैव पूर्ण भरलेली ठेवावी, व तींत विहिरीचें पाणी न घालतां ऊर्ध्वपातित पाणीच घालावें. बेससाठीं अशी बॅटरी वापरीत असल्यास हाच नियम. परंतु १९९१ पासून बाजारांत आलेली लिथियम बॅटरी याच्या अगदीं उलट. ती पूर्ण भरून उष्ण जागीं ठेवणें म्हणजे तिचें आयुष्य तोडणें होय. पावसाळ्यांत मोजणी बंद असते तेव्हां ती यंत्रांतून काढून, निम्मी भरलेली, कोरड्या व थंड जागीं ठेवावी आणि दोन-तीन महिन्यांनीं एकदां पाहावी. ती भरतांना उष्णमान सामान्यतः ४५ अंशांच्या आंत असावें लागतें. नागपुरास मे महिन्यांत सावलींतील हवाच कधीं कधीं हा आंकडा ओलांडते! तेव्हां शेतावरून आणलेली गरम बॅटरी लगेच विजेस न जोडतां, निवूं देऊन रात्रीं घरांत भरावी. फुगलेली बॅटरी, ती चालत असली तरीही, टाकून द्यावी. जुन्या यंत्रांतील निकेलची बॅटरी पडून राहिली तरी आपोआप उतरते. ती आदल्या रात्रींच भरलेली बरी.

ही निगा बहुधा यंत्रवाल्यानेंच घ्यावयाची. तथापि मोजणी सकाळीं लौकर सुरू करावी असा आग्रह धरणें, जादा बॅटरी झाडाखालीं ओल्या फडक्याजवळ नव्हे तर कोरड्या पिशवींत ठेवण्यास सांगणें आणि प्रत्येक कोपऱ्यावर पडद्यावरचा शब्द स्वतः वाचणें हें धुऱ्याच्या धन्यास सहज करतां येतें. बॅटरी बदलली कीं पहिल्या खुणेवर रोव्हर पुन्हां धरावयास लावावा. आधींचा व आतांचा आंकडा दोन-तीन सेंटिमीटरांच्या आंत जुळला, तरच पुढच्या दगडाची जागा मान्य करावी.