भेडाघाटच्या कातळाला वाली कोण?

हजार वर्षांच्या मंदिराला कायद्याचे कवच आहे. त्याच्या पायथ्याशी असलेल्या, त्याहून कितीतरी पटींनी जुन्या खडकाला ते नाही. जबलपूरजवळच्या एका छोट्या नगर परिषदेपुढचा हा पेच साऱ्या देशाचा आहे.

जबलपूरच्या नैर्ऋत्येला सुमारे वीस किलोमीटरवर नर्मदा एकाएकी अंग चोरून घेते. तिलवाराघाटापाशी ऐसपैस पसरलेले तिचे पात्र भेडाघाटला येईतो संगमरवरी कड्यांच्या कैचीत सापडते. ‘धुवांधार’ धबधब्यावर ती खाली कोसळते, तुषारांचा धूर उसळतो आणि पुढे सुमारे तीन किलोमीटर ती पांढऱ्या, गुलाबी, निळसर-करड्या भिंतींमधून संथपणे वाहते. एके ठिकाणी हे कडे इतके जवळ येतात की त्या जागेला लोकांनी ‘बंदरकूदनी’ असे नाव दिले आहे. नावाडी वल्ही मारता मारता यमके जुळवीत प्रत्येक खडकात कोणता ना कोणता आकार दाखवतात आणि प्रवासी हसतात. पावसाळ्यात नदी फुगली की धबधबा पाण्याखाली जातो, नौका काठाला लागतात आणि गावाची मिळकत थांबते. या गावाचे अर्थकारण नदीच्या पातळीवर चालते, असे म्हणणे अतिशयोक्तीचे होणार नाही.

२०२१ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसास्थळांच्या तात्पुरत्या यादीत भारताच्या ज्या सहा स्थळांची भर पडली, त्यांत ‘नर्मदा खोऱ्यातील भेडाघाट-लमेटाघाट’ होते. त्याच तुकडीत महाराष्ट्रातील मराठा लष्करी वास्तुशैलीचाही समावेश होता. पुढे ‘मराठा लष्करी भूप्रदेश’ या नावाने बारा किल्ल्यांचा प्रस्ताव गेला आणि जुलै २०२५ मध्ये त्याला अंतिम मान्यता मिळाली. भेडाघाट मात्र प्रतीक्षेत आहे. दोन्ही प्रस्तावांची जातकुळी वेगळी, हे खरे. किल्ले हा मनुष्यनिर्मित वारसा; त्यांच्या रक्षणासाठी कायदा, खाते, यंत्रणा असे सारे काही दीडशे वर्षांत उभे राहिले. भेडाघाटचे वैभव माणसाने घडवलेले नाही आणि नेमकी तिथेच आपल्या कायद्याची नजर अडखळते.

खडकात लिहिलेला इतिहास

अमरकंटकला उगम पावून १,३१२ किलोमीटरचा प्रवास करणारी नर्मदा विंध्य आणि सातपुडा यांच्यामधल्या खचलेल्या पट्ट्यातून पश्चिमेकडे वाहते. हा पट्टा भूगर्भदृष्ट्या शांत नाही, याची आठवण २२ मे १९९७ च्या पहाटे जबलपूरला बसलेल्या भूकंपाने करून दिली. भेडाघाटचा संगमरवर मॅग्नेशियमचे प्रमाण अधिक असलेला, डोलोमाइटी प्रकारचा आहे. तो ज्या ‘महाकोशल’ शिलासमूहात मोडतो, त्याचे वय अब्जावधी वर्षांत मोजले जाते. त्या काळी पृथ्वीवर झाडे नव्हती, प्राणी नव्हते. मूळचा चुनखडीसारखा गाळ दाब आणि उष्णतेने रूपांतरित झाला आणि आज आपण पाहतो तो स्फटिकमय दगड तयार झाला.

थोडे वरच्या अंगाला असलेल्या लमेटाघाटाने आपले नाव भूशास्त्राला दिले आहे. ‘लमेटा थर’ ही संज्ञा जगभरच्या पाठ्यपुस्तकांत आहे. डायनासोरांच्या अखेरच्या काळातले हे थर. ठगांच्या बंदोबस्तासाठी प्रसिद्ध असलेल्या विल्यम स्लीमन या अधिकाऱ्याला १८२८ मध्ये जबलपूरच्या बडा शिमला टेकडीवर काही अस्थी सापडल्या. त्या डायनासोरांच्या होत्या. आशियातील हा अशा प्रकारचा पहिलाच शोध मानला जातो. १८७७ मध्ये रिचर्ड लिडेकर यांनी त्यांतून ‘टायटॅनोसॉरस इंडिकस’ ही प्रजाती वर्णिली. पुढे याच परिसरात डायनासोरांच्या अंड्यांची घरटीही मिळाली. या थरांवर दख्खनच्या लाव्हारसाचे आच्छादन आहे. म्हणजे ज्या काळ्या कातळावर सह्याद्री उभा आहे, त्याचेच हे उत्तरेकडचे टोक. भेडाघाट ते लमेटाघाट हे काही किलोमीटरचे अंतर चालून गेले, तर पृथ्वीच्या इतिहासाची दोन दूरदूरची पाने एकाच दिवसात वाचता येतात.

मानवी इतिहासही तितकाच दाट आहे. जवळचे तेवर हे गाव म्हणजे कलचुरींची राजधानी त्रिपुरी. दहाव्या शतकात पहिल्या युवराजदेवाच्या काळात भेडाघाटच्या टेकडीवर चौसष्ट योगिनींचे वर्तुळाकार मंदिर उभे राहिले. नाव चौसष्टचे असले, तरी त्याच्या गोलाकार ओवरीत एक्क्याऐंशी देवकोष्ठे आहेत. महाराष्ट्राशी नाते सांगणाऱ्या यायावर कुळातला राजशेखर हा संस्कृत-प्राकृत कवी याच राजाच्या दरबारी होता. अल्हणदेवी या राणीने इथे शिवमंदिर बांधल्याची नोंद करणारा ११५५ चा शिलालेख प्रसिद्ध आहे. कलचुरींचे हे लेख संपादित करून १९५५ मध्ये अभ्यासकांच्या हाती दिले ते नागपूरच्या महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी, आणि १९५२ मध्ये त्रिपुरीचे उत्खनन केले ते मोरेश्वर गंगाधर दीक्षित यांनी. मराठी विद्वत्तेचा या मातीशी असा जुना ऋणानुबंध आहे.

राजकीय नाते तर त्याहून जुने. गढा-मंडल्याचे गोंड राज्य, १५६४ मध्ये मोगल सैन्याशी लढताना राणी दुर्गावतीने पत्करलेले मरण, १७८१ मध्ये सागरच्या मराठ्यांनी घेतलेला ताबा, पुढे नागपूरकर भोसल्यांचा अंमल आणि १८१७-१८ नंतर इंग्रजी राजवट, असा हा प्रवास. १८६१ मध्ये मध्य प्रांत स्थापन झाला तेव्हा राजधानी नागपूर होती. १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत जबलपूर आणि नागपूर एकाच राज्यात नांदत होते. मार्च १९३९ मध्ये त्रिपुरी काँग्रेस अधिवेशन याच परिसरात भरले आणि सुभाषचंद्र बोस यांच्या अध्यक्षपदाचा पेच इथेच टोकाला गेला.

मंदिराभोवती कुंपण, दरीला काय?

आता कायद्याकडे पाहू. १९५८ च्या प्राचीन स्मारकविषयक कायद्यात वास्तू, लेणी, शिल्पे, शिलालेख येतात. त्यांना किमान शंभर वर्षे झालेली असावी लागतात. २०१० च्या दुरुस्तीनंतर संरक्षित स्मारकापासून शंभर मीटरपर्यंत बांधकामाला मनाई आणि त्यापुढील दोनशे मीटरपर्यंत नियमन आहे. योगिनी मंदिराला हे संरक्षण आहे. मात्र मानवी हात न लागलेला खडक या व्याख्येत बसत नाही. भूवारसास्थळांच्या जतनासाठी स्वतंत्र विधेयकाचा मसुदा केंद्रीय खाण मंत्रालयाने २०२२ च्या अखेरीस जनतेपुढे ठेवला. त्यावर चर्चा झाली, आक्षेप आले, पण तसा कायदा झालेला नाही. उलट, खनिज कायद्याच्या दृष्टीने संगमरवर हे गौण खनिज आहे आणि त्याबाबत नियम करण्याचा अधिकार १९५७ च्या कायद्यातील कलम १५ ने राज्यांना दिला आहे. एकाच दगडाकडे भूशास्त्रज्ञ दस्तऐवज म्हणून पाहतो, यात्रेकरू तीर्थ म्हणून, पर्यटन खाते आकर्षण म्हणून आणि खनिज खाते माल म्हणून. या चारांपैकी फक्त शेवटच्या दृष्टीला स्पष्ट कायदेशीर नाव आहे.

या साऱ्याच्या मध्यभागी आहे भेडाघाटची नगर परिषद. ७४ व्या घटनादुरुस्तीने नागरी संस्थांसाठी जी बारावी अनुसूची आणली, तिच्यात अठरा विषय आहेत. पर्यावरणाचे रक्षण हा त्यांतलाच एक. कागदावर जबाबदारी आहे, पण ती पार पाडण्याची साधने या संस्थेच्या हाती आहेत का? धुवांधारला किती पाणी यावे, हे वरच्या अंगाला असलेल्या बर्गी धरणातील विसर्गावर ठरते. नदी भेडाघाटला पोहोचण्याआधी जबलपूर शहराच्या कडेने येते आणि शहरातील नाल्यांचा भार सोबत आणते. खाणपट्टे राज्य देते. मंदिर पुरातत्त्व खात्याकडे. छोट्या परिषदेच्या वाट्याला उरतो तो वाहनतळ, घाटावरचा कचरा आणि सणासुदीची गर्दी. निर्णय वरचे, निस्तरणे खालचे, अशी ही वाटणी आहे.

आणि तरीही गावाला केवळ बिचारे ठरवून चालणार नाही, कारण गावातही हितसंबंध एकसारखे नाहीत. भेडाघाटच्या वाटेवर दोन्ही बाजूंना मूर्तिकारांची दुकाने आहेत. मऊ दगडातून देवमूर्ती, दिवे, पेट्या घडवणारे हे हात पिढ्यान्‌पिढ्या दगडावर पोट भरत आले आहेत. २०२३ मध्ये जबलपूरच्या या पाषाणकलेला भौगोलिक मानांकनही मिळाले. म्हणजे एकीकडे शासन कलेला मानांकन देते आणि दुसरीकडे ज्या परिसरामुळे ती कला नावारूपाला आली, तो जागतिक वारसा म्हणून राखू पाहते. यात विसंगती नाही; पण कारागिराला दगड कोठून मिळणार, किती आणि कोणत्या दराने, हे ठरवल्याशिवाय दोन्ही उद्दिष्टे एकमेकांवर आदळल्याखेरीज राहणार नाहीत.

आल्प्समधला एक धडा

असा पेच जगात आपल्याच वाट्याला आला, असे मानण्याचे कारण नाही. जर्मनीच्या बव्हेरिया राज्यात पार्टनाख नदीची एक घळ आहे. सातशे मीटर लांब, ऐंशी मीटरहून अधिक खोल. पूर्वी जंगलातली लाकडे तिच्यातून वाहत खाली आणली जात. १९१२ मध्ये तिला ‘निसर्गस्मारक’ असा कायदेशीर दर्जा मिळाला. निसर्गाने घडवलेल्या एखाद्या जागेला स्मारक मानता येते, ही कल्पना तिथे शतकापूर्वी कायद्यात रुजली.

त्याहून बोधप्रद आहे बाल्डरश्वांग या जेमतेम काही शे वस्तीच्या आल्पाइन ग्रामपालिकेची कथा. बव्हेरियाने १९७२ मध्ये आपल्या आल्प्स प्रदेशाची तीन पट्ट्यांत विभागणी केली. सर्वांत नाजूक ‘क’ पट्ट्यात, म्हणजे एकूण क्षेत्राच्या चाळीस टक्क्यांहून अधिक भागात, नवे रस्ते आणि रज्जुमार्ग वर्ज्य ठरवले. रीडबर्गर हॉर्न या शिखरावर स्कीइंगसाठी रज्जुमार्ग हवा, असा कौल बाल्डरश्वांग आणि शेजारच्या ओबरमायझेलश्टाइनच्या नागरिकांनी २०१६ मध्ये बहुमताने दिला. राज्य सरकारने २०१७ मध्ये त्यासाठी पट्टाच बदलला. राज्यभरातून विरोध झाला. २०१८ मध्ये सरकारने प्रकल्प गुंडाळला आणि पुढच्या वर्षी जुनी सीमा पूर्ववत केली. मात्र त्याचबरोबर या गावांसाठी निसर्गस्नेही पर्यटनाकरिता निधीही देऊ केला.

या प्रकरणात दोन्ही बाजूंना तत्त्व होते. गावकऱ्यांचा कौल लोकशाहीचाच होता. डोंगर साऱ्या राज्याचा आहे, हा दावाही लोकशाहीचाच होता. निकाल लागू शकला, कारण सीमा आधीच नकाशावर स्पष्ट होती, ती बदलायची तर उघडपणे बदलावी लागत होती आणि गावाला ‘नाही’ म्हणताना त्याची किंमत सरकारने मान्य केली. आपल्याकडे सीमाच आखलेली नसते. त्यामुळे ती ओलांडली गेल्याचे कोणाला कळतही नाही.

काय करता येईल?

आल्प्सचा आराखडा नर्मदेवर जसाच्या तसा चिकटवता येणार नाही. पार्टनाखच्या घळीत कोणी अस्थी विसर्जित करीत नाही, परिक्रमावासी तिच्या काठाने अनवाणी चालत नाहीत. नर्मदा आधी मैया आहे आणि मग पर्यटनस्थळ. परिक्रमेच्या ओढीने महाराष्ट्रातून दरवर्षी जाणाऱ्यांना हे सांगावे लागत नाही. जबलपूरचे अमृतलाल वेगड यांनी आयुष्यभर नर्मदेवर जे लिहिले आणि रेखाटले, त्याचे मर्मही हेच होते की नदी ही केवळ पाणी नसते, तिच्या काठचे जगणे तिच्यात मिसळलेले असते. म्हणूनच इथले संरक्षण माणसांना बाहेर ठेवणारे नसावे.

पण तीन गोष्टी आजही शक्य आहेत. पहिली, केंद्रीय कायद्याची वाट न पाहता राज्याने भेडाघाट ते लमेटाघाट पट्ट्याची गाभा क्षेत्र आणि भोवतालचे क्षेत्र अशी सीमा अधिसूचित करावी. जागतिक वारशाचा प्रस्ताव पुढे न्यायचा, तर अशी सीमा आणि व्यवस्थापन आराखडा युनेस्कोला द्यावाच लागतो. मग तो शेवटच्या घटकेला सल्लागाराकडून लिहून घेण्यापेक्षा आधी गावात चर्चून का करू नये? दुसरी, धरणाच्या विसर्गात सिंचन आणि वीज यांच्याबरोबर धबधब्याच्या किमान प्रवाहाचाही विचार व्हावा. तिसरी, तिकिटे, नौका आणि वाहनतळ यांच्या उत्पन्नाचा निश्चित वाटा नगर परिषदेकडे राहावा आणि व्यवस्थापन समितीत नावाडी व मूर्तिकार यांना जागा असावी. कारागिरांना गाभा क्षेत्राबाहेरचा दगड रास्त दराने मिळण्याची हमी याच समितीने घ्यावी.

या सूचनांत क्रांतिकारक असे काही नाही. अवघड आहे ते एवढेच की, पाटबंधारे, खनिज, पर्यटन, पुरातत्त्व आणि नगरविकास या पाच खात्यांनी एका छोट्या गावासाठी एका टेबलाभोवती बसायचे आहे. मंदिर पडले तर ते पुन्हा बांधता येते. योगिनींच्या भग्न मूर्तीही निदान जपून ठेवता येतात. कडा एकदा फुटला, की त्याचा जीर्णोद्धार नसतो. नर्मदेने तो कापायला लक्षावधी वर्षे घेतली. तो राखण्यासाठी एक अधिसूचना काढायला आपल्याला किती वर्षे लागतात, हे आता पाहायचे.