सर्जिकल मालाचा व्यापार आणि नवा कायदा : कागदपत्रांकडे दुर्लक्ष नको

रक्तदाब मोजण्याचे यंत्र, थर्मामीटर, कमरेचा पट्टा, कुबड्या, चाकाची खुर्ची. हा माल आपले कितीतरी व्यापारी बांधव वर्षानुवर्षे विकत आले आहेत. दुकानाचा परवाना आणि विक्रीकराचा नंबर असला की धंदा चालत असे. आता तेवढ्याने भागत नाही, ही गोष्ट आम्ही वाचकांच्या नजरेस आणून देऊ इच्छितो.

केंद्र सरकारने २०१७ साली वैद्यकीय उपकरण नियम केले. ते १ जानेवारी २०१८ पासून अमलात आले. पुढे ११ फेब्रुवारी २०२० च्या अधिसूचनेने १ एप्रिल २०२० पासून सर्वच वैद्यकीय उपकरणे १९४० च्या औषध कायद्याखाली 'औषध' ठरली. म्हणजे कायद्याच्या दृष्टीने कुबडी आणि गोळी एकाच घरची झाली.

उपकरणांचे धोक्यानुसार ए, बी, सी आणि डी असे चार वर्ग आहेत. ए आणि बी वर्गाच्या उत्पादनास १ ऑक्टोबर २०२२ पासून, तर सी आणि डी वर्गास १ ऑक्टोबर २०२३ पासून परवाना सक्तीचा झाला. आपल्या कारागिरांना दिलासा असा की, निर्जंतुक न केलेल्या आणि मोजमाप न करणाऱ्या ए वर्गाच्या मालास परवाना लागत नाही. मात्र केंद्राच्या ऑनलाइन यंत्रणेवर नाव, पत्ता व मालाचा तपशील देऊन नोंदणी करावी लागते आणि माल सुरक्षित असल्याची हमी स्वतः द्यावी लागते.

विक्रेत्यांसाठी सप्टेंबर २०२२ मध्ये वेगळी सोय झाली. ज्यांच्याकडे औषध विक्रीचा परवाना नाही, त्यांनी राज्याच्या औषध प्रशासनाकडे एमडी-४१ नमुन्यात अर्ज करून एमडी-४२ हे नोंदणी प्रमाणपत्र घ्यावे. यासाठी फार्मासिस्टच हवा असे नाही. पदवीधर किंवा या धंद्याचा एक वर्षाचा अनुभव असलेला बारावी पास माणूसही चालतो. प्रमाणपत्र दुकानात दिसेल असे लावावे आणि दर पाच वर्षांनी शुल्क भरून ते चालू ठेवावे.

खरी मेख खरेदीत आहे. प्रिन्सेस स्ट्रीटवर दोन पैसे स्वस्त मिळतो म्हणून बिलाशिवाय माल उचलू नये. परवानाधारक किंवा नोंदणीकृत पेढीकडूनच घ्यावा. बॅच नंबर व मुदतीची तारीख यांची नोंद ठेवावी. उद्या एखादे यंत्र सदोष निघाले तर ते कुठून आले हे दाखवणारे बिलच दुकानदाराला वाचवील. कागद नसेल तर दोष त्याच्याच माथी येईल.

चुकीचा आकडा दाखवणाऱ्या यंत्रावर विसंबून रोगी औषध घेतो. मापात खोट करू नये ही आपल्या दीनची शिकवण इथेही लागू आहे. ज्यांची नोंदणी राहिली असेल त्यांनी या महिन्यातच अर्ज करावा, अशी आमची कळकळीची विनंती आहे.