कामगार ठरण्याआधीचा कामगार

हक्क काढून घेण्यासाठी सत्तेला दर वेळी कायदा मोडावा लागत नाही. ज्या ओळखीच्या आधारावर तो हक्क मिळतो, ती ओळखच नाकारली की पुढचे काम आपोआप होते. विसाव्या शतकातील तत्त्वचिंतक हॅना आरेंट यांनी ही गोष्ट ज्या स्पष्टतेने मांडली, तिच्यामागे त्यांचे स्वतःचे आयुष्य होते. ज्यू असल्याने १९३३ साली त्यांना जर्मनी सोडावी लागली, पुढे नागरिकत्वही गेले आणि १९५१ मध्ये अमेरिकेचे नागरिकत्व मिळेपर्यंत त्या कोणत्याच देशाच्या नव्हत्या. त्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या ‘द ओरिजिन्स ऑफ टोटॅलिटेरियनिझम’ या ग्रंथात त्यांनी दाखवून दिले की, माणसाचे हक्क जन्मसिद्ध असल्याचे कितीही सांगितले, तरी ज्याला कोणताही समाज आपला सभासद मानत नाही, त्याच्यासाठी ते हक्क कागदावरच राहतात. म्हणून सर्व हक्कांच्या आधी एक हक्क असतो, तो म्हणजे हक्क असण्याचा हक्क. त्यांनी सुचवलेली कसोटी तर अंगावर काटा आणणारी आहे: एखाद्याने किरकोळ चोरी केल्यावर त्याची कायदेशीर स्थिती सुधारत असेल, कारण निदान आरोपी म्हणून तरी त्याला वकील आणि न्यायालय मिळते, तर तो माणूस आधीच कायद्याबाहेर ढकलला गेला आहे असे समजावे.

इटालियन तत्त्वज्ञ जॉर्जो आगाम्बेन यांनी १९९५ साली ‘होमो साकेर’ या पुस्तकात हा विचार पुढे नेला. बाहेर काढलेला माणूस सत्तेपासून मोकळा होत नाही, उलट कायद्याचे संरक्षण गेल्यावरही कायद्याची पकड त्याच्यावर कायम राहते, असे त्यांचे प्रतिपादन आहे.

पिंपरी-चिंचवड आणि चाकणच्या औद्योगिक पट्ट्यातील कंत्राटी कामगार हा अर्थातच राज्यविहीन निर्वासित नव्हे. तो नागरिक आहे, मतदार आहे, आणि छळछावण्यांच्या इतिहासाशी त्याच्या स्थितीची बरोबरी करणे दोघांवरही अन्याय करणारे ठरेल. तरीही आरेंट यांचा प्रश्न येथे नेमका लागू पडतो. १९५४ साली पिंपरीत स्थापन झालेल्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्सपासून चाकणच्या वाहन कारखान्यांपर्यंत या पट्ट्याचा जो विस्तार झाला, त्यात एकाच लाइनवर ‘परमनंट’, ‘कंत्राटी’ आणि ‘ट्रेनी’ अशी माणसे शेजारी शेजारी उभी राहू लागली. काम सारखे असले, तरी कायद्यापुढील त्यांची ओळख वेगळी असते. १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्याच्या अठराव्या कलमानुसार शिकाऊ उमेदवार हा प्रशिक्षणार्थी असतो, कामगार नसतो, आणि म्हणून कामगार कायदे एरवी त्याला लागू होत नाहीत. औद्योगिक विवाद कायद्यात वर्षभरात २४० दिवस काम केलेल्याला कपातीच्या वेळी नोटीस आणि भरपाई यांचे संरक्षण होते; पण तो आकडा गाठण्याआधीच कामगाराला ‘ब्रेक’ देण्याची प्रथा पडली, तेव्हा संरक्षणाची मर्यादारेषाच त्याला बाहेर ठेवण्याचे साधन बनली.

हे कायदा करणाऱ्यांना ठाऊक नव्हते असे नाही. महाराष्ट्राच्या १९७१ च्या कामगार संघटना मान्यता व अनुचित प्रथा प्रतिबंध कायद्यात, कामगारांना कायमपणाच्या लाभांपासून वंचित ठेवण्याच्या हेतूने वर्षानुवर्षे बदली, हंगामी किंवा तात्पुरते ठेवणे ही अनुचित प्रथा ठरवलेली आहे. अडचण उंबरठ्यावर येते. २००१ साली सर्वोच्च न्यायालयाने कल्याणी स्टील्स आणि सिप्ला या कंपन्यांशी संबंधित दोन खटल्यांत असा निर्णय दिला की, कंपनी आणि कामगार यांच्यातील मालक-नोकर संबंधच वादग्रस्त असेल, तर या कायद्याखाली तक्रार चालणार नाही. तो संबंध आधी औद्योगिक विवाद कायद्याखालील यंत्रणेकडून सिद्ध करून आणावा लागेल. न्यायालयाची कायदेशीर भूमिका सुसंगत असली, तरी तिचा परिणाम गंभीर आहे, कारण ज्याची तक्रार ‘मला कामगार मानले जात नाही’ अशी आहे, त्याला ती मांडण्यासाठी आधी कामगार ठरावे लागते, आणि तो कामगार नाही एवढे म्हणून कंपनीला त्याचा दरवाजा अडवता येतो.

त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये स्टील अथॉरिटीच्या खटल्यात घटनापीठाने आणखी एक गोष्ट स्पष्ट केली. एखाद्या कामातील कंत्राटी पद्धत सरकारने बंद केली, तरी तेथील कंत्राटी कामगार आपोआप मूळ मालकाचे होत नाहीत. ठेका केवळ दिखाऊ होता, प्रत्यक्षात नियंत्रण कंपनीचेच होते, असे सिद्ध झाले तर मात्र ते कंपनीचे कामगार मानले जातील. हे सिद्ध करायचे कशाने? ठेकेदार बदलत राहतात, मात्र कामगार त्याच यंत्रावर राहतो. हजेरीपट, करारपत्रे आणि वेतनाच्या नोंदी ठेकेदाराच्या किंवा कंपनीच्या ताब्यात असतात, आणि कामगाराच्या हाती बहुधा गेट पास आणि भविष्य निर्वाह निधीचा क्रमांक एवढेच उरते.