अर्धा घनमीटर अस्तर, चारशे घनमीटर माती

रस्त्याखाली चार मीटर खोलीवरून जाणारी, ३०० मिलिमीटर व्यासाची, शंभर मीटर लांबीची मलवाहिनी घ्या. ती बदलायची तर निदान मीटरभर रुंदीचा चर खणावा लागतो, म्हणजे ४०० घनमीटर माती वर येते. उपसलेली माती फुगते, तेव्हा दहा घनमीटरच्या डंपरच्या पन्नासएक खेपा धरा. एवढा खटाटोप ज्या नळासाठी, त्याच्या आतली पोकळी जेमतेम सात घनमीटर भरते! तोच नळ जागच्या जागी ठेवून आतून सहा मिलिमीटर जाडीचे अस्तर चढवले, तर त्याला लागणारा माल अर्ध्या घनमीटरच्या थोडा वर जातो. न खोदता होणारी नळदुरुस्ती स्वस्त का पडते, हे या आकड्यांत दडलेले आहे. अस्तराचा माल काही स्वस्त नसतो. किलोच्या भावाने पाहिले तर तो साध्या नळाहून महागच. वाचतो तो जागेवरून न हललेल्या मातीचा खर्च. म्हणून नव्या नळाचा मीटरमागचा दर आणि अस्तराचा मीटरमागचा दर शेजारी ठेवून केलेली तुलना मुळातच चुकीची ठरते.

ही युक्ती एरिक वुड या इंग्रज माणसाची. १९७१ साली लंडनच्या हॅकनी भागातल्या मार्श लेन इथल्या विटांच्या जुन्या मलवाहिनीच्या सुमारे ७० मीटर लांबीला त्याने असे अस्तर बसवले आणि पद्धतीला ‘इन्सिट्युफॉर्म’ हे लॅटिनवरून घडवलेले नाव दिले. जागच्या जागी आकार घेणारे, असा त्याचा अर्थ. पुढे १९७७ मध्ये अमेरिकेत त्याला पेटंटही मिळाले. पायमोजा हात घालून उलटा करावा, तशी ही क्रिया. पॉलिएस्टर फेल्टची लांबलचक नळी शिवतात. तिच्या बाहेरच्या अंगाला प्लॅस्टिकचा पातळ थर असतो. कारखान्यात हवा शोषून घेत तिच्यात राळ मुरवतात आणि ती वाटेतच कडक होऊ नये म्हणून थंड ठेवून कामाच्या जागी आणतात. मॅनहोलच्या तोंडाशी नळीचे टोक पक्के बांधतात आणि पाण्याच्या दाबाने ती उलटी होत होत जुन्या नळात पुढे सरकते. राळेने भिजलेले अंग जुन्या भिंतीला चिकटते, प्लॅस्टिकचे गुळगुळीत अंग आत येते. मग त्याच पाण्याला तापवून फिरवले की काही तासांत राळ घट्ट होते. घरांच्या जोडण्या अस्तराखाली बुजतात. त्या कॅमेरा लावलेल्या छोट्या यंत्राने आतूनच कापून मोकळ्या करतात. अलीकडे काचतंतूंची नळी दोराने आत ओढून, हवेने फुगवून, अतिनील दिव्यांची माळ फिरवून ती घट्ट करण्याची पद्धतही रुळली आहे.

आता चराचा हिशेब. खोदाई हा त्यातला स्वस्त भाग. चार मीटर खोल चराच्या भिंती ढासळू नयेत म्हणून दोन्ही बाजूंना आधार द्यावे लागतात. भूजल वर असेल तर पंप रात्रंदिवस चालतो. वाटेत पाण्याचे नळ, विजेच्या तारा, गॅसच्या वाहिन्या आडव्या येतात. नकाशात नसलेली एखादी तार तुटली की काम अडते. चर बुजवताना थरांवर थर नीट दाबला नाही तर पुढच्या पावसाळ्यात तिथे खड्डा ठरलेला. मुंबईसारख्या शहरात आणखी दोन गोष्टी जोडा. पावसाळ्यात तातडीची कामे सोडली तर रस्ते खोदायला परवानगी मिळत नाही, त्यामुळे वर्षातले चार महिने असेच जातात. आणि महापालिकेने रस्ते काँक्रीटचे करण्याचा मोठा कार्यक्रम हाती घेतल्यापासून चर खणणे म्हणजे नवी कोरी पाटी फोडणे झाले आहे. डांबर उकरून पुन्हा भरता येते, काँक्रीटचा जोड आयुष्यभर दिसतो. पण मलवाहिनी एका खात्याची, रस्ता दुसऱ्या खात्याचा, आणि कोंडीत अडकलेल्या बसगाड्या किंवा गिऱ्हाईक तुटलेली दुकाने कुठल्याच खात्याची नाहीत. नागरिकांच्या खिशातून गेलेला हा पैसा अंदाजपत्रकात उतरत नाही, म्हणून खोदणे कागदावर स्वस्त दिसते.

यावर पहिला आक्षेप असा की ही युरोप-अमेरिकेची गणिते. आपल्याकडे मजुरी स्वस्त, मग यंत्रांचे कौतुक कशाला? उथळ गल्लीत, मोकळ्या जमिनीत हा आक्षेप शंभर टक्के खरा आहे, तिथे खोदावेच. पण खोली वाढली की मजुराची जागा जेसीबी घेतो, आणि आधार, पंप, भराव, काँक्रीट यांचे दर मजुरी स्वस्त आहे म्हणून उतरत नाहीत. दुसरा आक्षेप, अस्तराने नळ अरुंद होतो. होतोच, ३०० चा २८८ होतो आणि निव्वळ आकारामुळे वहनक्षमता सुमारे दहा टक्क्यांनी घटते. मात्र अस्तर गुळगुळीत असल्यामुळे आतल्या भिंतीच्या खरबरीतपणाचा गुणांक ०.०१३ वरून ०.०११ वर आला, तर ही घट भरून निघून क्षमता उलट सहाएक टक्क्यांनी वाढते. तिसरा प्रश्न टिकाऊपणाचा. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने २०१२ च्या अहवालासाठी डेन्व्हर आणि कोलंबस इथली जुनी अस्तरे कापून तपासली; त्यातले एक २५ वर्षांचे होते. त्यांची स्थिती पाहता ५० वर्षांचे अपेक्षित आयुष्य अवास्तव वाटत नाही.

चौथा आक्षेप मात्र हलका नाही. राळेत बहुतेकदा स्टायरीन हे रसायन असते आणि अस्तर गरम पाण्याऐवजी वाफेने घट्ट करताना ते हवेत जाते. अमेरिकेतील पर्ड्यू विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१७ मध्ये अशा कामांवरच्या वाफेत नुसते पाणी नसते हे मोजून दाखवले. तेव्हा कामगारांना मुखवटे, शेजारच्या इमारतींना पूर्वसूचना, वाफ आणि पाणी मोकाट न सोडण्याची अट, हे सारे अस्तराच्याच दरात धरायला हवे. बचत दिसावी म्हणून ही कलमे गाळणारा कंत्राटदार दुसऱ्याच्या फुप्फुसातून पैसा वाचवतो.

शिवाय अस्तर हे सगळ्यावरचे औषध नव्हे. नळ कोसळला असेल, मध्येच खचून तिथे पाणी साचत असेल, तर अस्तर तो बाक जसाच्या तसा घेऊन बसते. वस्ती वाढल्यामुळे मोठाच नळ हवा असेल, तर जुना आतून फोडून त्याच वाटेने नवा ओढणारी दुसरी पद्धत पाहावी. ब्रिटनमध्ये ती गॅसच्या बिडाच्या नळांसाठी सत्तरच्या दशकाच्या अखेरीस निघाली. अस्तराचा ठरीव खर्चही मोठा असतो: गाड्या आणणे, नळ धुणे, काम चालू असताना सांडपाणी पंपाने दुसरीकडे वळवणे. चाळीस मीटरच्या एका तुकड्यासाठी निविदा काढली की हा सगळा बोजा त्या चाळीस मीटरवर पडतो आणि दर आभाळाला भिडतो. मग ‘पद्धत महाग आहे’ असा शेरा मारून फाइल बंद होते. तेच एका वॉर्डातले दोन-तीन किलोमीटर एकत्र केले तर ठरीव खर्च विभागला जातो.

पण वॉर्डभराचे काम एकत्र बांधायचे तर आधी कुठला नळ अस्तर घेण्याजोगा आहे आणि कुठला खणूनच काढायचा, हे कळले पाहिजे. ते नळ धुऊन, आत कॅमेरा फिरवूनच कळते, आणि हा खर्च बाकीच्या कामापुढे किरकोळ असतो. तुमच्या रस्त्यावर पुढचा चर पडायच्या आधी वॉर्ड ऑफिसात जाऊन एवढेच विचारा: आत कॅमेरा घातला होता का, आणि त्याचे चित्रण कुठे पाहायला मिळेल?